कोटणीसांचे 72 तास

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर काही वर्षं पुणे आणि आता गेली तेरा वर्षं सौदी अरेबियातलं दम्माम. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते. या सदरात कुणी गणपतीचं लिहितं, कुणी बर्फाचं, कुणी मुलांच्या शाळेचं. आमच्याकडे बर्फ नाही, वाळू आहे, आणि वाळूबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून आज आमच्या गावच्या एका माणसाबद्दल लिहिते. तो आपल्या सगळ्यांच्या खूप आधी परदेशी गेला, वर्षभरासाठी म्हणून गेला, आणि परत आलाच नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

नाव सगळ्यांना माहीत आहे. निदान व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे तरी. सोलापूरकरांना तर भय्या चौकातल्या स्मारकामुळेही माहीत आहे. आमच्या लहानपणी शाळेतल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत कुणी ना कुणी कोटणीसांवर बोलायचंच, आणि भाषणात एक गोष्ट हमखास यायची: सलग 72 तास न झोपता त्यांनी ऑपरेशनं केली. तिथे टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्यात.

आता तीच गोष्ट मला का टोचायला लागली ते सांगते. माझ्या अक्काचा मुलगा महाराष्ट्रातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सर्जरीचा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आहे. छत्तीस तासांची ड्यूटी त्याच्यासाठी नवलाची राहिलेली नाही. फोनवर बोलता बोलता त्याला झोप लागते आणि अक्का पलीकडून नुसती त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत बसते. गेल्या 10 ऑक्टोबरला, म्हणजे कोटणीसांच्या जयंतीला, आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने तो नेहमीचा फॉरवर्ड टाकला. 72 तास, अखंड सेवा, फोटो, हार. आणि खाली स्वतःचं जोडलं की आजकालच्या पोरांना चोवीस तास झाले की रडू येतं. भाच्याने तो मेसेज पाहिला, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर काही दिलं नाही. अक्कानेही नाही. मला मात्र ते सहन होईना. दादाशी वाद घालण्याआधी म्हटलं, हा माणूस नीट वाचून तरी काढू. मग इकडच्या लांब रात्रींमध्ये जे मिळेल ते वाचत गेले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. मध्यमवर्गीय घर, भावंडं बरीच. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर झोपणारं. ते एकोणीस-वीस वर्षांचे असताना, 1930 च्या मे महिन्यात, सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी झाली. ज्या गावात ते वाढले ते गाव हे असं होतं. या पोराच्या मनात देशापलीकडचं काही शिजत असेल तर त्याचं नवल वाटायला नको.

वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात घेतलं. केईएमचं कॉलेज. 1926 साली सुरू झालेलं, आणि शिकवणारे सगळे भारतीयच असतील या अटीवर उभं राहिलेलं. आज परळच्या त्या गर्दीत उभं राहिलं की हा इतिहास आठवत नाही कुणाला. 1938 मध्ये कोटणीस पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत होते. म्हणजे नीट पाहिलं तर ते साधारण आमच्या भाच्याच्याच टप्प्यावर होते. सिनेमात ते मोठे, पोक्त दिसतात. खरे कोटणीस निघाले तेव्हा 28 वर्षांचेही नव्हते.

जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला होता. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस. त्यांनी आवाहन केलं, 22,000 रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर त्यांच्याखालोखाल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. पाचांत दोन मराठी, हे आपण विसरतो. चोळकरांचं नाव नागपूर सोडलं तर फारसं कुणी घेत नाही.

1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून राजपुताना नावाच्या बोटीने पथक निघालं आणि 17 सप्टेंबरला कँटनला पोचलं. आपण एअरपोर्टवर तीस किलोच्या बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोंबतो, ते आठवलं मला. त्यांच्याकडे औषधांच्या पेट्या होत्या. तिथून चांगशा, हांको, यिचांग, चुंगकिंग असा प्रवास. जपानी पुढे सरकत होते आणि त्यांच्या पुढे पुढे ही मंडळी. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं.

परदेशात राहणाऱ्या कुणालाही हा निरोप काय असतो ते समजावून सांगायला नको. आम्ही तरी रात्रीच्या विमानाने निघतो, एक्झिट री-एंट्री व्हिसा असला तर. त्यांना परतायचं तर आठवड्यांचा प्रवास, आणि परतले तर पुन्हा येणं कठीण. ते राहिले. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोचलं, माओंच्या मुख्यालयात. डोंगरातल्या गुहांमध्ये घरं, गुहांमध्येच हॉस्पिटल. पाचही जणांनी आपल्या नावापुढे चीनचा अर्थ असलेलं हुआ हे अक्षर जोडून घेतलं. कोटणीस झाले के दिहुआ. आजही तिकडे त्यांना याच नावाने ओळखतात.

पथकातले बाकीचे एकेक करून परतले. कुणी वयामुळे, कुणी आजारपणामुळे. मुखर्जी आणि चोळकर आधी, मग अटल. बसू 1943 पर्यंत राहिले, आणि पुढे कलकत्त्यात ॲक्युपंक्चर आणलं ते त्यांनीच. तब्येत साथ देईना म्हणून जे परतले, त्यांना कुणी भेकड म्हटलेलं मी तरी वाचलं नाही. दादाला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

1939 च्या अखेरीस कोटणीस येनान सोडून उत्तरेकडच्या सीमाभागात गेले, जिथे प्रत्यक्ष लढाई होती. त्या भागात कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करत होते. त्यांची गाठ पडलीच नाही. हातमोज्यांशिवाय ऑपरेशन करताना बेथ्यूनच्या बोटाला कापलं, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं आणि 12 नोव्हेंबर 1939 ला ते गेले. बेथ्यूनने खेचराच्या पाठीवर लादता येईल असं ऑपरेशनचं सामान तयार केलं होतं. खेचर थांबेल तिथे थिएटर. पण साधे रबरी हातमोजे मिळत नव्हते.

आता ते 72 तास. 1940 च्या ऑगस्टमध्ये चिनी फौजांनी जपान्यांविरुद्ध शंभर रेजिमेंटांची म्हणून ओळखली जाणारी मोठी मोहीम उघडली. त्यातल्या एका तेरा दिवसांच्या लढाईत कोटणीसांच्या तुकडीकडे 800 च्या वर जखमी आले. साडेपाचशेहून जास्त ऑपरेशनं झाली. त्यातच सलग तीन दिवस आणि तीन रात्री ते झोपले नाहीत.

हे खरं आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतंच. ते झोपले असते तर रांगेतला पोरगा रक्त जाऊन मेला असता. थकलेला सर्जन आणि सर्जनच नाही, यातलं थकलेला सर्जन बरा, एवढा साधा हिशोब होता. पण हा हिशोब लढाईचा. मुंबईतल्या, पुण्यातल्या, दम्माममधल्या हॉस्पिटलात बदली माणूस ठेवता येतो, फक्त ठेवायचा की नाही ते कुणीतरी ऑफिसात बसून ठरवतं. आणि वीरकथांमध्ये ऑपरेशनं मोजतात. साठाव्या तासाला टाका घालणारा हात किती थरथरत होता, ते मोजायची त्या कथांची रीतच नाही.

माझ्या धंद्यात मात्र तेच मोजावं लागतं. रात्रपाळीत माझ्यासमोर स्क्रीन असतो. वॉर्डातून डॉक्टरांनी टाकलेली औषधं त्यावर येतात, प्रत्येकाच्या बाजूला वेळ. तपासून, मगच औषध सुटतं. संध्याकाळच्या ऑर्डरी आणि पहाटेच्या ऑर्डरी यांत फरक असतो, नाव न बघता मी सांगू शकते. पहाटे फजरच्या अजानच्या सुमाराला डोस एकदा लिहून खोडलेले असतात, एकच औषध दोनदा आलेलं असतं, ॲलर्जीचा इशारा बटण दाबून उडवलेला असतो. मागे एका रात्री लहान बाळासाठी शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची ऑर्डर आली. हवे होते 75 मिलिग्रॅम, आले 75 मिलिलिटर. या औषधात एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम असतात, म्हणजे सरळ दहा पट. ही चूक जगभर होते, आमच्या पुस्तकांत तिचा वेगळा उल्लेख असतो. मी फोन लावला. पलीकडे आवाज तरुण, सभ्य. आधी त्याला मी काय विचारतेय तेच कळेना. मग एकदम शांतता. मग त्याने ऑर्डर बदलली आणि तीनदा शुक्रान म्हणाला. त्याची ड्यूटी आदल्या दिवशी सकाळी सुरू झाली होती. बाळ घरी गेलं, त्याच्या आईला यातलं काहीच माहीत नाही.

तो रेसिडेंट हुशार होता. पुढे त्याला चांगला ओळखू लागले. आळशी नव्हता, बेफिकीर तर मुळीच नाही. तो जागा होता, एवढंच.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी नेचरमध्ये एक छोटा अभ्यास छापला होता. माणूस सतरा तास जागा राहिला की त्याचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा होतो. चोवीस तास झाले की 0.10 टक्क्यांसारखा. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. मी राहते तो देश दारूबंदीचा. बाटली सापडली तर काय होतं ते इथल्या प्रत्येक परदेशी माणसाला पाठ असतं. आणि चोवीस तास जागलेल्या डॉक्टरला मात्र कुणी थांबवत नाही. माझ्यासारख्यांना इथला कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास सांगतो, रमजानमध्ये मुस्लिम कामगारांना दिवसाला सहा. पंचिंग मशीनवर बोट टेकवून मी वेळेवर बाहेर पडते. शिकाऊ डॉक्टर मागे राहतात. शिकतायत ना, म्हणून.

हे शिकतायत ना कुठून आलं, तेही शोधलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल 1889 मध्ये सुरू झालं. तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी शिकाऊ डॉक्टरांची जी पद्धत बसवली तीच पुढे जगभर गेली. हॉस्पिटलातच राहायचं, दिवसरात्र हजर राहायचं. रेसिडेंट हा शब्दच त्यातून आला. सर्जरीत रबरी हातमोजे रुळवणारे हॉल्स्टेड हेच, जे बेथ्यूनला मिळाले नाहीत. थोर माणूस, यात शंका नाही. पण भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना कोकेनचं व्यसन लागलं होतं, आणि ते सोडवताना मॉर्फिनचं, ते आयुष्यभर राहिलं. ज्या माणसाच्या तालावर सगळ्या जगाचे शिकाऊ डॉक्टर जागतात, त्याचा स्वतःचा ताल हा असा होता. आमच्या मेडिकलवाल्या मंडळींना हे माहीत असतं, पण कुणी मोठ्याने बोलत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मार्च 1984 मध्ये अठरा वर्षांची एक मुलगी ताप आणि अस्वस्थपणा म्हणून रात्री दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. तिला आधीपासून फेनेल्झिन हे नैराश्यावरचं औषध चालू होतं. त्यावर पेथिडिन दिलं गेलं. ही दोन औषधं एकत्र द्यायची नसतात, आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. तिच्यावर लक्ष ठेवणारी शिकाऊ डॉक्टर एकाच वेळी कितीतरी रुग्ण सांभाळत होती. मुलीचे वडील पत्रकार होते, त्यांनी गोष्ट सोडली नाही. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला 80 तास आणि सलग 24 तास अशी मर्यादा घातली, 2003 मध्ये ऐंशी तासांचा नियम अमेरिकाभर झाला. आठवड्याला ऐंशी! आणि ही सुधारणा. नंतर 2004 मध्ये बोस्टनच्या आयसीयूत मोजून पाहिलं, तर जुन्या लांब पाळ्यांमधल्या इंटर्नकडून 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे नियम नाही असं कुणाला वाटत असेल तर ते चूक. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की रेसिडेंटची सलग ड्यूटी साधारणपणे बारा तासांच्या वर जाऊ नये आणि आठवड्याला 48 तास. भाच्याला मी हे पाठवलं तेव्हा त्याने नुसता हसण्याचा इमोजी पाठवला. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या सरकारी हॉस्पिटलात लांब ड्यूटीनंतर सेमिनार रूममध्ये आडवी झालेली एक तरुण डॉक्टर मारली गेली, तेव्हा सुप्रीम कोर्टापर्यंत हा छत्तीस तासांचा विषय गेला. त्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एका कृती दलाने आठवड्याला 74 तासांच्या वर नको, एक दिवस सुट्टी हवी, असं सुचवलं. म्हणजे 1992 मध्ये 48, आणि बत्तीस वर्षांनी 74. आपण कुठल्या दिशेने चाललोय ते तुम्हीच बघा.

असो. कोटणीसांकडे परत येते, कारण त्यांच्या आयुष्यातला जो भाग भाषणांत येत नाही तोच मला महत्त्वाचा वाटतो.

जानेवारी 1941 मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता हॉस्पिटलचे पहिले संचालक नेमलं. उत्तर चीनमधल्या हपेइ प्रांतात, तांग परगण्यातल्या गकुंग नावाच्या खेड्यात हे हॉस्पिटल होतं, आणि त्याला जोडून मेडिकल स्कूल. म्हणजे आता ते स्वतः शिकवणारे झाले. शेतकऱ्यांच्या पोरांना सर्जन करायचं होतं, तेही लढाई चालू असताना. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर वर्गात शिकवता येईल इतकी. पुस्तकं नव्हती म्हणून स्वतः चिनीतून सर्जरीचं पुस्तक लिहायला घेतलं. सामान्य भाग पुरा केला आणि एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियांचा दुसरा भाग सुरू केला. दिवसा रुग्ण, वर्ग, ऑपरेशनं. लिहायला उरायची ती रात्रच.

दम्माममध्ये तेरा वर्षं राहून माझं अरबी अजून बिल आणि भाजीच्या पुढे गेलेलं नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांत परक्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या माणसापुढे मी नुसते हात जोडते. माझ्या मते सोलापूरने भाषणं करायचीच असतील तर 72 तासांवर नव्हे, या पुस्तकावर करावीत. ते तीन दिवस संपले. पुस्तकातून शिकलेली पोरं पुढे कितीतरी वर्षं लोकांना वाचवत राहिली असतील.

तिथेच नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. लष्कराचे सेनापती नीए रोंगचेन यांनी सुचवलेलं नाव.

याच काळात कोटणीसांना झटके यायला लागले होते. अपस्मार, आपण फिट म्हणतो ते. डॉक्टरच होते, त्यांना काय होतंय ते कळत असणारच. उपचारांसाठी हा भाग सोडा, दुसरीकडे जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. ते गेले नाहीत. काम सोडून जाणं त्यांना पटेना.

इथे मी फार्मासिस्ट म्हणून थोडं थांबते. फिटच्या कुठल्याही पेशंटला औषधाची पुडी देताना आम्ही एक गोष्ट न चुकता सांगतो: जागरण करू नका. झोपमोड हे झटका यायचं अगदी ओळखीचं कारण आहे. गोळी वेळेवर घेतली आणि रात्र जागून काढली, तरी झटका येऊ शकतो. कोटणीसांच्या झटक्यांचं मूळ काहीही असो, अर्धपोट खाणं, सततची धावपळ आणि वर्षानुवर्षांची अर्धी झोप यांनी ते बरं होणार नव्हतं. ते आपल्या हाताखालच्या एखाद्या पोराला असं वागू देते का? मला नाही वाटत. चांगले डॉक्टर दुसऱ्याला झोप सांगतात. स्वतःच्या बाबतीत त्यांचं गणित वेगळंच असतं, आणि ते गणित त्यांच्यापुढे ठेवलेलं असतं आपणच, टाळ्या वाजवून.

8 डिसेंबर 1942 च्या रात्री ते पुस्तकाचंच काम करत होते. झटका आला, मग पुन्हा, मग पुन्हा. 9 तारखेला पहाटे ते गेले. वय 32. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तकाचा दुसरा भाग अर्धा.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून 1946 मध्ये शांतारामबापूंनी डॉ. कोटणीस की अमर कहानी काढला, स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई पत्नीच्या भूमिकेत. चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. 1953 मध्ये त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत हलवली, बेथ्यूनच्याच आवारात. चीनचे मोठे नेते भारतात आले की मुंबईत कोटणीसांच्या घरच्यांना भेटायचे, 62 च्या युद्धानंतर दोन्ही देशांत इतका कडवटपणा येऊनसुद्धा. त्या घरच्यांचं मला नेहमी वाटतं. पोरगा वर्षभरासाठी म्हणून गेला, आणि मग आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलायला परके लोक येत राहिले.

यिन्हुआबद्दल मात्र इकडे फारसं कुणी सांगत नाही. मला तो शोधता शोधता सापडला, आणि तो सापडल्यापासून दादाला लिहायचं उत्तर मी दोनदा खोडलंय. तो मोठा होऊन वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला निघाला. मेडिकल कॉलेजात शिकत होता. 1967 मध्ये, डिग्री हातात पडायच्या थोडं आधी, आजारी पडला आणि गेला. वय 24. त्याच्या मृत्यूचं कारण म्हणून काही नोंदी सांगतात: उपचारात झालेली चूक. कुणा डॉक्टरच्या, कुणा नर्सच्या हातून, किती वाजता, किती तासांच्या ड्यूटीनंतर, यावर मी काही बोलणार नाही. पण हॉस्पिटलात चूक होते म्हणजे काय, ते कोटणीसांच्या घराने असं पाहिलं.

गुओ छिंगलान त्यानंतर 45 वर्षं जगल्या. भारतात आल्या, नवऱ्याच्या माणसांना भेटल्या, आठवणी लिहून ठेवल्या. जून 2012 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, त्या दालियनमध्ये गेल्या.